शहरातली येळवस: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लातूर, धाराशिव, नांदेड, अंबाजोगाईच्या पट्ट्यातून नोकरीसाठी, शिकायला किंवा लग्न होऊन छत्रपती संभाजीनगरात आलेल्यांसाठी हे लिहिते आहे. दिवाळीला कसंही करून गाव गाठता येतं. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा रानातला सण, मात्र हातची सुटते, कारण इथं त्या दिवशी सुट्टी नसते, आपलं शेत नसतं आणि शेजारच्या घरात हा सण कुणी ऐकलेलाही नसतो.

मी औसा तालुक्यातली. २०१४ साली वाळूजला नोकरी लागली आणि बजाजनगरात दोन मैत्रिणींसोबत खोली घेतली. त्या वर्षीच्या येळवसेला संध्याकाळी खोलीवर येऊन खानावळीचा डबा उघडला, तेवढ्यात आईचा फोन आला. मागं सगळा गलका ऐकू येत होता. आई म्हणाली, "दूध उगवतीकडं उतू गेलं बघ यंदा. तू काय केलंस?" मला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पुढच्या वर्षापासून मी येळवस इथंच करायला लागले. त्यात ज्या चुका झाल्या त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून सगळं क्रमानं सांगते.

ज्यांना सण माहीत नाही अशा खोलीवरच्या मैत्रिणी, नवरा, सासरची माणसं यांना एवढं सांगा: मार्गशीर्ष अमावस्येला रब्बीचं पीक उभं असतं, ज्वारी पोटऱ्यात (कणीस अजून आत) किंवा निसवलेली (कणीस बाहेर पडलेली), हरभरा घाट्यावर. त्या दिवशी घरचं सगळं रांधून शेतात न्यायचं, काळ्या आईला नैवेद्य दाखवायचा आणि रानातच जेवायचं. पुस्तकात वेळ अमावस्या लिहितात, बोलताना येळवस. शब्द कानडीतून आला असं सांगतात. कानडीत येळ्ळु म्हणजे तीळ, आणि सीमेपलीकडं बीदर, कलबुर्गीकडं याच दिवशी येळ्ळ अमावस्या असते. लातूर शहरात त्या दिवशी रस्ते ओस पडतात. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी आपल्या रानात नेतंच. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

१. तारीख पंचांगात बघा

पहिली फसगत इथंच होते. मोबाइलवर 'मार्गशीर्ष अमावस्या' शोधली की बऱ्याचदा उत्तरेकडच्या पद्धतीची तारीख येते. तिकडं महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडं अमावस्येला. त्यामुळं त्यांची मार्गशीर्ष अमावस्या आपल्या येळवसेच्या महिनाभर आधी पडते, आणि आपल्या येळवसेला ते पौष अमावस्या म्हणतात. माझ्या एका मैत्रिणीनं असंच बघून नोव्हेंबरात रजा टाकली होती. मराठी पंचांग किंवा भिंतीवरची मराठी दिनदर्शिका, एवढंच बघायचं.

दुसरं, हा सण दर डिसेंबरात येतोच असं धरून चालू नका. २०२२ ला २३ डिसेंबरला झाली, २०२३ सालात आलीच नाही, आणि २०२४ मध्ये दोनदा आली: ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. २०२५ ला १९ डिसेंबरला होती. २०२६ मध्ये अधिक महिना असल्यानं पुढची येळवस थेट जानेवारी २०२७ च्या पहिल्या आठवड्यात. अमावस्या दोन दिवसांत विभागली असेल तर गावाकडं फोन करा आणि गाव ज्या दिवशी करतं त्या दिवशी करा.

२. रजा महिनाभर आधी टाका

लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत जिल्हाधिकारी येळवसेला स्थानिक सुट्टी जाहीर करतात. ती त्या त्या जिल्ह्यापुरतीच असते, संभाजीनगरात ती लागू नाही. अर्जात नुसतं 'स्थानिक सण' लिहिलं तर वरच्याला काही कळत नाही. माझा पहिला अर्ज तेव्हाच्या कंपनीत तेवढ्यावरूनच परत आला. पुढच्या खेपेला मी सणाचं नाव, तारीख आणि 'मूळ जिल्ह्यात शासकीय स्थानिक सुट्टी' असं लिहिलं आणि सोबत लातूरच्या सुट्टीच्या आदेशाची प्रत जोडली. रजा मिळाली. शिफ्टमध्ये असाल तर सुपरवायझरला आधीच बोलून ठेवा आणि बदली कोण करणार तेही तुम्हीच ठरवून सांगा.

रजा नाहीच मिळाली तर पुढच्या रविवारी जेवण करा, पण अमावस्येच्या दिवशी घरात निदान आंबील आणि नैवेद्य करा. आमच्या आईनं मला एवढीच सूट दिली होती.

३. जागा

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो, तेव्हा दसऱ्यानंतर लगेच शोधायला लागा.

पहिला पर्याय ओळखीच्या माणसाचं शेत. शहरात दहा वर्षं काढलेल्या माणसालाही वाटतं की आपल्या ओळखीत शेतकरी कुणी नाही. तसं नसतं. दूध घालणारा, कंपनीतला पैठण रोडकडून येणारा सहकारी, भाजीवाल्या मावशी यांना विचारा. मला शेत मिळालं ते आमच्या दूधवाल्या काकांचं. त्यांनी सण कधी पाहिलेला नव्हता. "माझ्याच रानाची पूजा करणार, मग मी नाही कसं म्हणू," एवढंच म्हणाले.

पण होकार मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. दोन-चार गोष्टी तोंडानं विचारून घ्या:

- त्या दोन दिवसांत पिकाला पाणी द्यायचंय का? एका वर्षी आम्ही पोचलो तेव्हा आदल्या रात्रीच वीज आल्यामुळं भिजवण झालेली होती. वीस माणसं, सतरंज्या, टोपली घेऊन बांधावर एका रांगेत बसून जेवलो.
- हरभऱ्यावर फवारणी कधी झालीय? हे विचारल्याशिवाय पोरांना रानात सोडू नका. याच दिवसांत घाटेअळीसाठी औषध मारतात आणि लहान मुलं डहाळा उपटून तसाच तोंडात घालतात. आमच्या सोबतच्या एका मुलाच्या हातातला डहाळा काकांनी पळत येऊन काढून घेतला, दोनच दिवसांपूर्वी फवारलं होतं. तेव्हापासून मी खायचा हरभरा बाजारातून आणते आणि घरी स्वच्छ धुऊन नेते.
- विस्तव कुठं पेटवलेला चालेल? कडब्याची गंज, वाळलेलं गवत, ठिबकच्या नळ्या यांच्यापासून लांबची जागा त्यांनाच दाखवायला सांगा.
- प्यायचं पाणी आहे का, गाडी कुठपर्यंत जाते, म्हाताऱ्या माणसांना चालणं किती.

दुसरा पर्याय हुर्ड्याची केंद्रं. हिवाळ्यात शहराबाहेर अशी ठिकाणं चालतात, बसायला-जेवायला सोय असते. फक्त बाहेरचं जेवण आणलेलं चालेल का हे आधी विचारा, पुष्कळ ठिकाणी चालत नाही. आपला स्वयंपाक नेता येत नसेल तर ती सहल होते, येळवस होत नाही.

तिसरा पर्याय गच्ची, आणि खोली करून राहणाऱ्यांना बहुतेक वेळा हाच जमतो. त्यासाठी दसऱ्याच्या दिवशी दोन मोठ्या कुंड्यांत किंवा माती भरलेल्या गोण्यांत ज्वारीचे दहा-बारा दाणे टाका. दसरा ते येळवस सुमारे अकरा आठवडे मिळतात. उन्हात ठेवलं आणि पाणी दिलं तर ताटं कमरेच्या वर जातात. माझ्या गोण्यांतल्या ज्वारीला पहिल्या वर्षी कणीस धरलं नाही, पण पाच ताटं उभी होती आणि पूजेला तेवढी पुरली. माती शक्यतो गावाकडून आणा. मी दरवर्षी दिवाळीहून येताना आमच्या रानातली पिशवीभर माती आणते आणि कुंडीत वर पसरते. गच्चीसाठी सोसायटीच्या सचिवांना आधी सांगा, त्यांचं 'हो' व्हॉट्सअपवर लेखी असू द्या. मालकाच्या घरात राहत असाल तर घरमालकिणीलाच जेवायला बोलवा.

सार्वजनिक बागा आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या जागा यांच्या वाटेला जाऊ नका. तिथं विस्तव चालत नाही.

४. माणसं बोलवा, आणि थोडी जास्तच बोलवा

गावात येळवसेला आमंत्रण नसतं. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारायची, तो दोन घास खाऊन पुढच्या रानात जाणार, तिथं पुन्हा जेवणार. आमचे अण्णा रस्त्यानं जाणारी एस.टी. थांबवून ड्रायव्हर-कंडक्टरला आंबील पाजायचे. शहरात कुणी आपण होऊन येत नाही, हाक आपल्यालाच मारावी लागते. बारा जणांना बोलावलं तर स्वयंपाक अठरांचा करा आणि जाताना वाटेत जो भेटेल त्याला विचारा: वॉचमन, शेजारच्या बांधकामावरची माणसं, शेताच्या आजूबाजूचे गडी. निम्मी माणसं तरी अशी असू देत ज्यांना या दिवशी कुणीच बोलावलं नसतं. आपल्या भागातले विद्यार्थी विद्यापीठाच्या परिसरात भाड्याच्या खोल्यांवर असतात. एकाला सांगितलं की चार येतात.

इथल्या लोकांना बोलावताना एक सांगायला विसरू नका. आपली 'भज्जी' ऐकून त्यांना तेलातली भजी वाटते. "सगळ्या शेंगांच्या ओल्या दाण्यांची आणि पालेभाज्यांची आंबट-तिखट पातळ भाजी," असं आधीच सांगा. कुणाला शेंगदाण्याची किंवा बेसनाची अडचण आहे का तेही विचारून घ्या.

५. काय काय लागतं

हे बारा-पंधरा जणांचं माप आहे.

भज्जीला: तुरीचे ओले दाणे, वाटाणा, वालाचे (आमच्याकडं वरणा म्हणतात) दाणे आणि हरभऱ्याचे सोले, प्रत्येकी पावशेर. रात्रभर भिजवलेले शेंगदाणे एक वाटी. मेथी आणि पालक दोन-दोन जुड्या, चुका, चाकवत आणि कांद्याची पात एक-एक. तीन गाजरं, दोन वांगी, मूठभर बोरं. हरभरा डाळीचं पीठ दोन वाट्या, दोन लिंबांएवढी चिंच, वीस-पंचवीस हिरव्या मिरच्या, लसणाचे दोन गड्डे.

आंबिलीला: ज्वारीचं पीठ दोन वाट्या, घट्ट ताक दोन लिटर, आलं, लसूण, मिरची, जिरं, कोथिंबीर.

बाकी: बाजरीचं पीठ (उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, आणि भाकरी दोन्हीला), तीळ, गूळ, शेंगदाण्याचा कूट, खिरीचा गहू अर्धा किलो.

पूजेला आणि जागेवर: कडब्याच्या पाच पेंढ्या, पाच सारखे दगड, चुना, काव (गेरू), हळद-कुंकू, नारळ, मातीचं एक मोठं मडकं आणि एक छोटं बोळकं, गोवऱ्या चार, घोंगडी, सतरंज्या, पत्रावळ्या, काडेपेटी, पाण्याची एक बादली (विस्तवासाठी, ती तिथंच राहू द्यायची), कचऱ्याला दोन पोती.

घोंगडी नसेल तर सोलापुरी चादर घ्या. अण्णा डोक्यावर घोंगडी घेऊन त्यावर आंबिलीचं बिंदगं (लहान घागर) ठेवून रानात जायचे. शहरात गाडीतून नेलं तरी गाडीपासून कोपीपर्यंतची (पूजेसाठी कडब्याची केलेली खोप) शेवटची पन्नास पावलं कुणीतरी तसंच नेऊ द्या.

६. बाजार

ओल्या शेंगा दोन दिवस आधी घ्या, त्याआधी नको. जाधववाडीच्या बाजारात सकाळी लवकर गेलात तर एका फेरीत सगळं मिळतं. उशीर झाला तर औरंगपुरा किंवा शहागंजच्या भाजीबाजारात बघा. शेंगा वजनाला फसवतात: किलोभर शेंगांतून दाणे अर्ध्याहून कमीच निघतात, त्या हिशेबानं घ्या. येळवस डिसेंबरच्या मध्यात आली असेल तर हरभरा नुकताच येत असतो, महाग असतो आणि दाणा कोवळा. जानेवारीत आली की भरपूर.

चुका आणि चाकवत इथं प्रत्येक गाडीवर नसतो, भाजीवाल्या मावशींना दोन दिवस आधी सांगून ठेवा. चुका नाहीच मिळाला तर चिंच वाढवा. आंबटपणा येतो, पण चुक्यानं भज्जीला जो मऊपणा येतो तो येत नाही. वाटाणा फ्रोजन घेऊ नका, उकळीत तो फुटून भज्जी गोडसर होते.

मडकं नवं असेल तर आदल्या दिवशी पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा. नाहीतर आंबिलीला मातीचा कच्चा वास लागतो. आणि नळाचा दिवस बघून ठेवा. शहरात पाणी काही दिवसांआड येतं आणि या स्वयंपाकाला पाणी फार लागतं, एकट्या पालेभाज्या धुवायलाच चार बादल्या जातात.

७. स्वयंपाक

पोळ्यांपासून सुरुवात करा. तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या दोन दिवस आधी करून ठेवल्या तरी टिकतात. सारणात गूळ किसून घ्या, खडा राहिला की पोळी फुटते.

आदल्या रात्री गहू भिजवा, शेंगदाणे भिजवा, शेंगा सोला. सोलायला माणसं आदल्या रात्रीच बोलवा. आमच्या खोलीवर कंधारची एक आणि जालन्याची एक अशा दोघी होत्या. जालन्याच्या मैत्रिणीनं येळवस कधी पाहिली नव्हती, पण रात्री एक वाजेपर्यंत तूर सोलत बसली आणि तिच्या आजीच्या शेतातल्या गोष्टी सांगत राहिली. ती आता पुण्याला असते आणि तिथंही करते.

आंबील: आदल्या रात्री ज्वारीचं पीठ थोड्या ताकात कालवून झाकून ठेवा म्हणजे आंबतं. सकाळी मोठ्या पातेल्यात आठ वाट्या पाणी उकळा, त्यात हे कालवण बारीक धारेनं सोडा आणि हात न थांबवता ढवळा. पंधरा-वीस मिनिटांत चकाकी येते आणि कच्चा वास जातो. आता गॅस बंद करा आणि हात लावा, बोटाला गार लागेपर्यंत ताक घालू नका. पहिल्या वर्षी मी घाईत कोमट आंबिलीत ताक ओतलं आणि सगळं फाटलं. चोथा खाली, पाणी वर. गार झाल्यावर ताक, मग आलं-लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, मीठ, वरून कोथिंबीर. पिशवीतलं मसाला ताक चालत नाही, त्यात मीठ-मसाला आधीच असतो आणि ते पातळ असतं. दही आणून घरीच घुसळा. तयार आंबील मडक्यात भरा, तोंडाला ओलं फडकं बांधा. दुपारपर्यंत ती अशी गार होते की फ्रिजमधली तिच्यापुढं काही नाही.

भज्जी: हीच खरी परीक्षा. आधी शेंगदाणे आणि तुरीचे दाणे शिजायला टाका, त्यांना वेळ लागतो. ते बोटानं दबायला लागले की वाल, वाटाणा, सोले, गाजर आणि वांगी टाका. सगळं एकदम कुकरमध्ये घालू नका. वाटाण्याचा लगदा होतो आणि तूर दाताखाली टणक राहते. मग चिरलेल्या पालेभाज्या. त्या ढीगभर दिसतात, पाच मिनिटांत बसतात. चिंचेचा कोळ, मीठ, हळद.

आता पीठ. मी पहिल्यांदा केली तेव्हा फोन स्पीकरवर ठेवून आई सांगत होती आणि मी बेसन कोरडंच भुरभुरलं. आईला ते आवाजावरून कळलं की काय कोण जाणे. "बाई, पीठ पाण्यात कालवल्याबिगर टाकू नको, गुठळ्या व्हतील," असं ती म्हणाली तेव्हा गुठळ्या झालेल्याच होत्या. बेसन गार पाण्यात किंवा ताकात पातळ कालवा, गाळून घ्या, उकळत्या भज्जीत धारेनं सोडा आणि तळापासून डाव फिरवत राहा. तळाला लागली की सगळ्या पातेल्याला वास लागतो, आणि एवढा स्वयंपाक दुसऱ्यांदा होत नाही. मिरची-लसणाचा ठेचा तेलात परतून वरून ओता, शेवटी बोरं टाका. गॅस बंद कराल तेव्हा ती पळीवाढी असावी, पिठल्यापेक्षा पातळ. रानात पोचेपर्यंत ती आळते.

उंडे: बाजरीच्या पिठात मीठ, तीळ आणि कढत पाणी घालून मळा, लिंबाएवढे गोळे करा आणि इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवा. गावी ते मोठ्या पातेल्यात काड्यांवर वाफवतात, इथं इडलीपात्र छान चालतं. खीर कुकरला करा, मात्र गहू पूर्ण मऊ झाल्याशिवाय गूळ घालू नका, नंतर तो शिजत नाही. दूध घालायचं तर खाली उतरवून, निवल्यावर.

बाजरीच्या भाकरी सकाळी सगळ्यात शेवटी. एकटीनं पन्नास भाकरी थापायच्या भानगडीत पडू नका. पाच घरांत दहा-दहा वाटून द्या.

८. कोप आणि पांडव

कडब्याच्या पाच पेंढ्या शेतकऱ्याकडूनच विकत घ्या आणि पैसे देऊनच घ्या, जनावरांच्या तोंडचा चारा आहे तो. पेंढ्यांचे शेंडे वर एकत्र बांधा आणि बुडखे गोल पसरा, एका बाजूला तोंड ठेवा. एक माणूस वाकून आत बसेल एवढी कोप पुरे. गच्चीवर कुंड्यांतली ताटं शेंड्याला बांधली तरी झालं.

पाच दगडांना चुना लावून त्यावर कावेचे ठिपके द्या. हे पांडव. चुना लहान मुलांच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. ठिपके मात्र त्यांनाच देऊ द्या. कोपीत पांडव मांडायचे, हळद-कुंकू, नारळ, आणि केलेल्या प्रत्येक पदार्थाचा नैवेद्य. मग दोघांनी पिकातून फिरत आंबील आणि नैवेद्य शिंपायचा, याला आमच्याकडं चर शिंपणं म्हणतात. पुढचा "ओलग्या ओलग्या सालन पलग्या" म्हणतो, मागचे "हर हर महादेव" म्हणतात. हे शब्द गावागावात बदलतात, अर्थ विचारू गेलं तर कुणालाच नीट सांगता येत नाही. तुमच्या घरी जे म्हणतात तेच म्हणा. आमच्या अण्णांचा आवाज मी फोनवर रेकॉर्ड करून ठेवला होता. ते गेल्यानंतरच्या येळवसेला तो लावला आणि काकांच्या ज्वारीतून फिरले. तुमच्या घरी म्हणणारं माणूस आहे तोवर त्यांचा आवाज घेऊन ठेवा. हे काम या वर्षीच करा.

९. जेवण

पहिलं पान शेताच्या मालकाला आणि तिथल्या गड्यांना. मग पोरं, मग बाकीचे. आंबील आधी प्यायला द्या. उंडा कसा खायचा हे इथल्या पाहुण्यांना दाखवावं लागतं: हातानं कुस्करायचा आणि वरून भज्जी ओतून घ्यायची. थर्माकोल, प्लास्टिकच्या पत्रावळ्या नेऊ नका, वाऱ्यानं उडून पिकात जातात आणि पुढच्या वर्षी ते शेत तुम्हाला मिळत नाही. निघण्याआधी दोन्ही पोती भरून परत आणा. मालकाच्या घरी वेगळा डबा भरून द्या.

१०. संध्याकाळ

गावी अंधार पडताना कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती पळत फिरतात. दुसऱ्याच्या रानात हे करू नका. वाळला चारा, ठिबक, वारा, कशाचाच भरवसा नाही. आम्ही कंदील घेऊन बांधावरून चालतो. गच्चीवर असाल तर पणती घेऊन कुंड्यांभोवती.

दूध मात्र उतू घालाच. दाखवून दिलेल्या जागेवर चार गोवऱ्या पेटवा, बोळक्यात काठापर्यंत दूध घाला आणि शेजारी पाण्याची बादली ठेवा. बोळकं सपाट टेकवा, कलतं राहिलं की ते त्याच बाजूला सांडणार आणि म्हाताऱ्या माणसांना ते चालत नाही. पाच-सात मिनिटं सगळे गप्प उभे राहतात. दूध ज्या दिशेला जाईल तिकडं पुढच्या साली पीकपाणी चांगलं, अशी आमच्याकडची समजूत आहे. विस्तव पाण्यानं पूर्ण विझवा, राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नका.

मग गाडीत बसण्याआधी तिथूनच घरी फोन लावा आणि दूध कोणत्या दिशेला उतू गेलं ते सांगा.